मुलीला सिनेमात एमए करायचंय. कुणी केलंय का?

स्पेअरपार्ट
नमस्कार मंडळी. निपाणीत आमचं मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. थोरली मुलगी बेळगावात हॉस्टेलवर राहून बीए करते, इंग्रजी घेऊन, शेवटचं वर्ष. पुढं बीएड, नाहीतर इंग्रजीतच एमए, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. दिवाळीला आली आणि फराळ करता करता म्हणाली, "फिल्म स्टडीजमध्ये एमए करणार, कोलकात्याला फॉर्म भरणार." तिची आई गप्पच झाली. आमची म्हातारी म्हणाली, "म्हंजे नटी होणार काय गं तू?" ही नुसती हसत सुटली, उत्तर काही दिलं नाही.

मी सिनेमाच्या विरोधातला नाही. कोल्हापूर आम्हाला हाताशी, तरुणपणी दर शुक्रवारी जायचो. खरं हे कसलं शिक्षण ते कळेना. कॅमेरा शिकवतात का? अॅक्टिंग? की नुसतं बघायचं? नुसतं बघायचं असेल तर दोन वर्षं आणि एवढं लांब कशाला? पुढं पोटापाण्याचं काय? जवळ पुण्यात-मुंबईत नाही का सोय? आणि सीमाभागातल्या मुलांना सवलत असते म्हणतात, ती यात लागू होते काय? ज्यांनी केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा. उपदेश घरात भरपूर मिळतोय.

कुंदाप्रेमी
आमच्या वेळी पिक्चर बघून नापास व्हायची सोय होती. आता पास व्हायची झाली. प्रगती म्हणतात ती हीच.

निवृत्त_कॅशियर
उपदेश नको म्हणालात तरी एक सांगतो, कारण बँकेच्या खिडकीत बसून एज्युकेशन लोनची बरीच प्रकरणं बघितली आहेत. शौक वेगळा आणि पोट वेगळं. बीएड करू दे, हायस्कूलला लागू दे, मग रोज पिक्चर बघू दे. कोण अडवतंय?

अर्धवट_पीएचडी
स्पेअरपार्टकाका, मी वडगावची. हेच एमए केलंय, कोलकात्यातच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिला घोळ मिटवू. पुण्याची एफटीआयआय (१९६० ची, जुन्या प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत उभी राहिलेली) किंवा कोलकात्याची सत्यजित राय संस्था, इथं सिनेमा करायला शिकवतात: दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन, ध्वनी. फिल्म स्टडीज ही विद्यापीठातली एमए आहे. इतिहासाची किंवा साहित्याची एमए असते तशीच, फक्त अभ्यासाचा विषय सिनेमा. जादवपूर विद्यापीठात हा विभाग १९९३ पासून आहे, देशातला पहिला. नटी होण्याचा धोका शून्य, आजींना सांगा.

आता 'नुसतं बघायचं का' याबद्दल. आम्हाला सुरुवातीलाच एका जुन्या सिनेमातला चार-पाच मिनिटांचा प्रसंग दाखवला. आधी जसा आहे तसा. मग आवाज बंद करून. मग पडदा झाकून नुसता आवाज. मग प्रत्येकानं कागदावर लिहायचं: कट कुठं कुठं पडले, कॅमेरा कुणाच्या डोळ्याच्या उंचीवर आहे, बाई दारातून आत येते तेव्हा आपण तिच्याबरोबर आत येतो की आधीपासून आत बसून तिला बघतोय. मी शाळेपासून पहिल्या बाकावरची, पण कागद जवळपास कोरा राहिला. शेजारचा मुलगा पान भरून लिहीत होता आणि त्यानं प्रसंगात वाजलेली ट्रामची घंटासुद्धा टिपलेली. त्या दिवसापासून मला शांतपणे पिक्चर बघता आलेला नाही. घरचे वैतागतात.

बाकी सगळं वाचन. रशियाचा दिग्दर्शक आइझेनस्टाइन, फ्रान्सचा समीक्षक बाझाँ, सिनेमा बाईकडं कसा बघतो यावरचा लॉरा मल्व्हीचा १९७५ चा निबंध, त्यावर भांडणं. त्याशिवाय इतिहास: स्टुडिओ कसे उभे राहिले, पैसा कुणाचा, १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा का आणला, इंग्रज सरकारनं सिनेमाच्या चौकशीला नेमलेली १९२७-२८ ची रंगाचारियर समिती गावोगावच्या थिएटरवाल्यांना काय विचारत होती. त्या साक्षींचे छापील खंड आहेत आणि ते वाचताना जी मजा येते ती पुष्कळ सिनेमांत येत नाही. कायम काहीतरी लिहून द्यायचं असतं. इंग्रजी लिहिण्याचा कंटाळा असेल तर जाऊ नये, हे मात्र तिला स्पष्ट सांगा.

कुंदाप्रेमी
ट्रामची घंटा टिपणारा मुलगा पुढं काय करतो ते सांगा. काकांचा प्रश्न तोच आहे.

अर्धवट_पीएचडी
एका चित्रपट महोत्सवात सिनेमे निवडायच्या कामावर आहे. माझ्या बॅचमधली एक सबटायटलचं काम करते, एक ओटीटी कंपनीत आहे, दोघं जाहिरातीत गेले, दोघी शिकवतात. एकानं बापाचं कापडाचं दुकान सांभाळलंय आणि तो आमच्यात सगळ्यात सुखी आहे. मी पीएचडी करतेय, नाव बघून अंदाज आला असेलच.

नेटसेटवाला
शिकवण्याच्या बाबतीत एक अडचण कुणी सांगत नाही ती सांगतो. कॉलेजात शिकवायची पात्रता परीक्षा म्हणजे यूजीसी-नेट, तिच्यात फिल्म स्टडीज हा स्वतंत्र विषयच नाही. बहुतेक मुलं 'मास कम्युनिकेशन अँड जर्नालिझम' घेऊन बसतात, काही जण 'परफॉर्मिंग आर्ट्स'मधून. म्हणजे एमएला शिकलात एक आणि नेटला वाचायचं पत्रकारितेचे कायदे, जनसंपर्क, संशोधन पद्धती. एमएला किमान ५५ टक्के लागतात (राखीव गटाला ५०). पुढं कॉलेजात जागा निघते तीही 'पत्रकारिता व जनसंवाद' विभागात, आणि तिथं पत्रकारितेचाच एमए केलेले दहा जण आधी रांगेत असतात. कर्नाटकात राज्याची तशीच परीक्षा के-सेट आहे, तिथंही हाच प्रकार. आपल्याकडं सरकारी डिग्री कॉलेजं अतिथी व्याख्यात्यांवर चालतात हे काय सांगायला पाहिजे?
नेटमधून जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर गोष्ट वेगळी. तेव्हा पहिल्या सेमिस्टरपासून नेटचं एक पुस्तक उशाला ठेवायला सांगा.

निवृत्त_कॅशियर
हेच म्हणत होतो.

अर्धवट_पीएचडी
कॅशियरसाहेब, बीएड करून हायस्कूलला 'लागू दे' म्हणालात. आमच्या गल्लीत बीएड केलेल्या चौघी आहेत. एकही लागलेली नाही. दोघी खासगी शाळेत आहेत, त्यांचा पगार इथं लिहिला तर त्यांना वाईट वाटेल. आणि मराठी शाळांची पटसंख्या तुम्हाला माहीत आहेच. बीएडला पोट आणि सिनेमाला शौक, ही वाटणी आता राहिलेली नाही.

निवृत्त_कॅशियर
या मुद्द्याला उत्तर नाही माझ्याकडं. तरी लोन काढून करू नये, एवढं माझं म्हणणं कायम.

अर्धवट_पीएचडी
त्यावर मी सही करते. सरकारी विद्यापीठच धरायचं, तिथं फी फारशी नसते, खर्च राहण्याखाण्याचा. खासगी संस्थांच्या चकचकीत 'फिल्म' डिग्र्यांपासून लांब राहा. काही लाख घेतात आणि शिकवायला आमच्यासारखे अर्धवट लोक तासावर बोलावतात.

येळ्ळूरकर
सीमाभागाच्या सवलतीबद्दल. महाराष्ट्रानं दावा केलेल्या ८६५ गावांतल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना इंजिनीअरिंग-मेडिकलच्या प्रवेशात महाराष्ट्राचे उमेदवार धरतात, त्याचा दाखला वगैरे असतो. खरं ती महाराष्ट्रातल्या कॉलेजांची गोष्ट. कोलकात्यात तुमच्या सीमाभागाला कोण विचारतोय? तिथं तुम्ही कर्नाटकचे. दिल्लीत पण कर्नाटकचे. ५६ सालापासून आम्ही फॉर्मवर कुठल्या रकान्यात...

संपादक
येळ्ळूरकर, त्यासाठी वेगळा धागा आहे, सत्तावीस पानांचा. इथं एमएबद्दल बोलू.

येळ्ळूरकर
बरं. फॉर्मबद्दलच बोलत होतो की ओ.

हुब्बळ्ळी_हुडुगा
माझी मराठी सांभाळून घ्या, बायको शहापूरची आहे. भाषेवरून आठवलं. प्रभातच्या 'माणूस'मधली (१९३९) मैना कोण? शांता हुबळीकर. आमच्या हुबळीजवळच्या अदरगुंचीच्या. घरची भाषा कन्नड. अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली, तेव्हा कुणी दाखला मागितला नाही.

खडकलाटकरीण
आणि सुलोचनाबाई (लाटकर) आमच्या खडकलाटच्या! जन्म १९२८ चा, तेव्हा तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. स्पेअरपार्टकाका, तुमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. हिंदी सिनेमात निम्म्या हिरोंची आई आमच्या गावची होती, हे मी कॉलेजात सांगायचे तर कुणाला खरं वाटायचं नाही.

स्पेअरपार्ट
खडकलाटचं माहीत होतं. आमच्या म्हातारीनं तर त्यांना लहानपणी बघितलंय असा तिचा दावा आहे. वयाचा हिशोब बसत नाही, खरं आम्ही विचारत नाही.
ताई आणि सगळ्यांचे आभार. थोडं थोडं डोक्यात शिरतंय. पण एक राहतंच. अभ्यास करायचा तर रशियातल्या, फ्रान्समधल्या पिक्चरचा. निपाणीच्या पोरीनं त्यात काय नवीन सांगायचं? लोकांनी सांगून झालेलं असणार की सगळं.

रीळवाला
काका, या प्रश्नासाठी लॉगिन झालो. एरवी मी नुसता वाचतो.

माझे वडील बेळगावात थिएटरला ऑपरेटर होते. ग्लोब, चित्रा, प्रकाश ही नावं नुसती घेतली तरी अजून त्यांचा चेहरा बदलतो. लहानपणी डबा द्यायला केबिनमध्ये जायचो. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी. आत बल्ब नाही, दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर, मधे ठिणगी, तोच पडद्यावरचा उजेड. कांडी जळत जाते तसं अंतर वाढतं, मग उजेड पिवळा पडतो आणि खालून शिट्ट्या. म्हणून सारखा हात मुठीवर ठेवून कांड्या पुढं सरकवायच्या. दोन हजार फुटांचं रीळ बावीसेक मिनिटं चालतं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो: पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटार चालू, दुसऱ्या ठिपक्याला मशीन बदलायचं. जमलं तर खाली कुणाला कळत नाही. वडील जेवताना घास हातात धरून त्या ठिपक्याची वाट बघायचे. आज टीव्हीवर जुना सिनेमा लागला आणि कोपऱ्यात ठिपका दिसला तर सोफ्यावरून अर्धे उठतात.

एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची म्हणजे सायकलवरून रिळं पोचवायची. पावसाळ्यात माणूस अडकला की इंटरव्हल लांबायची आणि बटाटेवडेवाला खूश. दोन हजारच्या दशकात उपग्रहावरून सिनेमा यायला लागला आणि ही माणसं एकेक करून घरी बसली. पाच-सहा जण मला माहीत आहेत. कुणीही त्यांना आजवर काहीही विचारलेलं नाही. फ्रान्समधल्या माणसानं येऊन विचारायचं काय हे?

टूरिंगटॉकीज
रीळवाले, पोस्ट वाचून टाळी वाजवली.

काकांच्या शंकेला यातच उत्तर आहे. सिनेमाचा अभ्यास म्हणजे पडद्यावरच्याच गोष्टीचा नव्हे, ती कुणी, कुठं बसून, कुठल्या भाषेत बघितली याचाही. गेली बरीच वर्षं या विषयात थिएटरांवर, तंबूंवर, पोस्टर रंगवणाऱ्यांवर भरपूर काम चाललंय. त्यात आपला भाग म्हणजे खाण आहे. एकाच गल्लीत सकाळच्या खेळाला मराठी, दुपारी हिंदी, रात्री कन्नड सिनेमा, आणि तिन्हीला जाणारी तीच माणसं. ५६ साली राज्य बदललं, म्हणजे करमणूक कर भरायचं ऑफिस बदललं, नियम बदलले. पिक्चर मात्र कोल्हापूरहून यायचे बंद झाले नाहीत. याचं थिएटरवाल्यांनी काय केलं असेल? जत्रेतल्या तंबूत कुठली भाषा चालायची? गल्ल्याच्या वह्या कुणाच्या माळ्यावर पडल्यात? जुन्या वर्तमानपत्रांच्या फायलींतल्या सिनेमाच्या जाहिराती एका वर्षाच्या जरी उतरून काढल्या तरी एमएचा प्रबंध उभा राहतो. हे काम करायला मराठी, कन्नड, हिंदी तिन्ही कानानं कळणारं माणूस लागतं. दिल्ली-कोलकात्यात ते मिळत नाही. निपाणीत पानपट्टीवर उभं असतं.

उशीर करण्यात अर्थ नाही, हेही तितकंच खरं. आपल्या मूकपटांपैकी फार थोडे शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेटची फिल्म भुरकन पेटते. २००३ मध्ये पुण्यात अशाच साठ्याला आग लागली, त्यात प्रभातचा मोठा ठेवा गेला. आणि इथं माणसांचीच रिळं जुनी झालीत.

कुंदाप्रेमी
शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. बाकी पटलं.

टूरिंगटॉकीज
मान्य. संपादक, खोडता येईल का?

संपादक
राहू दे. आता कुंदाप्रेमींचं पण खोडावं लागेल.

चोर्ला_घाट
मी व्यवहाराचं बोलतो. दोन वर्षं आणि कोलकाता ठरवण्याआधी पोरीला एकदा चाखू दे.
इफ्फी, म्हणजे सरकारचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००४ पासून पणजीला भरतो, नोव्हेंबरात. बेळगावातून चोर्ला घाटानं गाडी पकडली की दुपारच्या शोला माणूस हजर. विद्यार्थ्यांची वेगळी नोंदणी असते. दिवसाला चार सिनेमे, रांगेत उभं राहून, सबटायटल वाचत. तिसऱ्या दिवशी ज्याचं डोकं दुखतं आणि तरी पुढच्या रांगेत उभा राहतो त्यानं हे शिक्षण घ्यावं. बाकीच्यांनी मासे खाऊन परत यावं.
दुसरं, एफटीआयआय आणि पुण्याचं फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचा कोर्स घेतात, साधारण महिनाभराचा. त्यात डॉक्टर, शिक्षक, इंजिनीअर सगळे असतात. पुणे तुम्हाला रात्रीच्या गाडीनं एका झोपेत.

अर्धवट_पीएचडी
बरोबर सल्ला. काकांचा 'जवळ कुठं' हा प्रश्न राहिला होता, त्याचं माहीत असलेलं सांगते. दिल्लीत जेएनयूला 'आर्ट्स अँड एस्थेटिक्स'ची एमए आहे, त्यात सिनेमाबरोबर चित्रकला आणि नाट्यही येतं. प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून. दिल्लीतच आंबेडकर विद्यापीठात फिल्म स्टडीज आहे, पण ते दिल्ली सरकारचं, ८५ टक्के जागा दिल्लीवाल्यांना. उरलेल्यांत देशभरची भांडणं. म्हणून कोलकात्याचा तिचा विचार उगाच नाही, पोरीनं चौकशी केलेली दिसते.
प्रवासाचं म्हणाल तर लोंढ्याहून वास्को-हावडा अमरावती एक्सप्रेस धरायचे मी. दीड दिवस. रोज नसते, म्हणून सुट्टीच्या तारखा आधी बघायच्या. आई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी द्यायची, ती विजयवाड्यापर्यंत पुरायची. पुढं रामभरोसे.

खडकलाटकरीण
मुलगी एकटी जाणार, राहण्याचं कसं असतं तिकडं? काकूंचा खरा प्रश्न तो असणार. काका लिहीत नाहीत एवढंच.

अर्धवट_पीएचडी
हॉस्टेलचा भरवसा पहिल्या वर्षी धरू नका. पेइंग गेस्ट मिळतं, आसपास सगळीकडं विद्यार्थीच. रात्री उशिरा सिनेमा बघून परत यायची आम्हाला कधी भीती वाटली नाही, जेवणाचा मात्र त्रास झाला. सगळ्याला मोहरीचं तेल. सहा महिन्यांनी सवय झाली, आता बेळगावात घरी मासे केले की मीच मोहरीचं तेल मागते आणि आई ओरडते. काकूंना माझ्याशी बोलायचं असेल तर निरोप टाका, नंबर देते.

स्पेअरपार्ट
खडकलाटकरीण ताईंनी बरोबर ओळखलं. बायकोला हा धागा वाचून दाखवला, मोहरीच्या तेलापर्यंत आल्यावर ती पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "हिला आमटीत फोडणी जास्त झाली तरी चालत नाही." म्हणजे जाणार हे तिनं धरलंय असं दिसतंय.
मुलीलाही लिंक पाठवली. ती म्हणते, नेटच्या विषयाचं तिला माहीत होतं, मला सांगितलं नव्हतं. लोन काढायचं नाही हे आमचं ठरलं, दोन वर्षांचं दुकानातनं निघेल. नोकरीचं कोडं सुटलेलं नाही, ते मला दिसतंय. खरं बीएडचंही सुटलेलं नव्हतं. फॉर्म भरू दे म्हटलंय. नाही लागला नंबर तर इंग्रजीची एमए आहेच.
रीळवाले, ती विचारतेय, तुमच्या वडिलांना भेटता येईल काय? प्रवेश परीक्षेत लिहायला उपयोग होईल म्हणते.

रीळवाला
पाठवा की. रविवारी सकाळी घरीच असतात, पत्ता निरोपातून देतो. कानानं कमी ऐकतात, जरा मोठ्यानं विचारायला सांगा. आणि मोबाईल समोर धरून रेकॉर्डिंग लावलं की ते एकदम पुस्तकी बोलायला लागतात, 'चित्रपट', 'प्रेक्षकवर्ग' वगैरे. आधी चहा होऊ दे, एखादा शिट्टीचा किस्सा निघू दे, मग हळूच चालू करायचं.

स्पेअरपार्ट
मी पण येतो बरोबर. त्या कार्बनच्या कांड्या कुठल्या कंपनीच्या यायच्या, ते मला विचारायचंय.